ईयोबाचे मित्र व एका पदाची चिकित्सा

(वाचावयाचा शास्त्रभाग : ईयोब, अध्याय २, १३, २१ व ४२.)



आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत पदें रचणाऱ्यांची उणीव कधींच नव्हती. दिवसभर औत हांकणारा मनुष्य रात्रीं दिव्यापाशीं बसून ओव्या जुळवितो, शाळेंतले मास्तर अभंग करितात, आणि शनिवारीं भजनी मंडळ जमलें कीं दोघांच्याही वह्या बाहेर निघतात. मग एकानें दुसऱ्याच्या पदाच्या मात्रा मोजाव्या, दुसऱ्यानें पहिल्याचें यमक ओढून आणलेलें आहे म्हणून हंसावें, असें चालतें. ह्यांत वाईट कांहीं नाहीं. देवाच्या स्तुतीचें पद ओबडधोबड असूं नये अशी काळजी कोणी तरी घेतलीच पाहिजे, आणि ती मित्राहून बरी कोण घेईल? परंतु अशाच एका शनिवारीं मीं स्वतः जी चूक केली ती आज मला सांगावयाची आहे. कारण तशी चूक करणारा आपणांमध्यें, विशेषतः आम्हां उपदेशकांमध्यें, मी एकटाच असेन असें मला वाटत नाहीं.

त्या मंडळींत दोन कवि होते. कवि हें नांव मात्र त्यांस आवडलें नसतें. एक शाळेचे मास्तर. नेमके, हिशेबी, वृत्तांचे नियम तोंडपाठ असलेले. दुसरे मृदंग वाजविणारे शेतकरी. त्यांस वाचतां चांगलें येई, पण लिहितांना ऱ्हस्वदीर्घाचा भरंवसा नसे. दोघांचा जुना वाद विश्वास आणि तर्क ह्यांविषयींचा होता. मास्तर म्हणत, जें बुद्धीला पटत नाहीं तें पदांत घालूं नये. देवानें बुद्धि दिली ती पेटींत कुलूप लावून ठेवण्यासाठीं नव्हे. मृदंगवाले म्हणत, "मास्तर, तुमच्या पदांत सगळें आहे, फक्त कोणी रडत नाहीं." आम्ही सर्व हंसत असूं, आणि मास्तरही हंसत. वाद मैत्रीचा होता, व मंडळीला त्याची गोडी लागली होती.

त्या वर्षीं पावसाळ्यांत मृदंगवाल्यांची पांच वर्षांची मुलगी तापानें गेली. नदीला पूर आला होता, व तिला तालुक्याच्या गांवीं नेतां आलें नाहीं. दोन महिने ते भजनाला आले नाहींत. मग एका शनिवारीं आले, मृदंगाला हात न लावतां बसले, वही काढली आणि एक पद वाचलें. त्यांत याईराच्या मुलीची गोष्ट होती : प्रभु वाटेंत थांबला, उशीर झाला, मुलगी मेल्याचा निरोप आला, तरी तो त्या घरीं गेला. आणि शेवटच्या चरणांत एवढेंच विचारलें होतें कीं आमचें घर तर वाटेवरच होतें, मग तूं कां आला नाहींस?

कोणी बोलेना. शेवटीं मास्तरांनीं घसा खांकरला. तिसऱ्या चरणांत एक मात्रा जास्त झाली आहे, असें ते म्हणाले. नंतर म्हणाले कीं शेवटचा प्रश्न भक्तिपदांत शोभत नाहीं. देव न्यायी आहे. न्यायी देव विश्वासाची प्रार्थना ऐकतो. ती ऐकली गेली नाहीं, तेव्हां प्रार्थनेंतच कांहीं उणें असलें पाहिजे. असें असतां उलट देवालाच जाब विचारणें हा तर्कही नव्हे आणि विश्वासही नव्हे. मग सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मी सेमिनरींत तर्कशास्त्र शिकलेला; ती तीन पायऱ्यांची नीटनेटकी मांडणी ऐकून माझी मान हालली. मी म्हणालों, "मुद्दा बरोबर आहे." मृदंगवाल्यांनीं वही मिटली, सलाम केला, आणि कंदील उचलून ते निघून गेले.

घरीं आल्यावर मला झोंप आली नाहीं. पुढल्या रविवारच्या उपदेशासाठीं ईयोबाचें पुस्तक काढावयाचें होतें, तें मीं त्याच रात्रीं उघडलें.

ह्या पुस्तकाचा आरंभ व शेवट गद्य आहे. मधला जवळजवळ सर्व भाग काव्य आहे. इब्री काव्यांत आपल्यासारखें यमक जुळवीत नाहींत. एका ओळींत एक विचार सांगावा, आणि दुसऱ्या ओळींत तोच फिरवून किंवा उलटवून पुन्हां मांडावा, अशी ती अर्थाची जोडी असते. त्या रीतीनें राखेंत बसलेला ईयोब आणि त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद व सोफर, एकमेकांस काव्यांत उत्तरें देतात. आणि पाहा, ते बहुधा आपलें बोलणें दुसऱ्याच्या बोलण्याची चिकित्सा करूनच सुरू करितात! बिल्ददाला ईयोबाचें बोलणें वावटळीसारखें वाटतें (अध्याय ८), सोफराला तो वाचाळ वाटतो (अध्याय ११), अलीफजाला त्याचें ज्ञान पोकळ वाटतें (अध्याय १५). ईयोबही मागें राहत नाहीं. बाराव्या अध्यायांत तो मित्रांच्या शहाणपणाची जी थट्टा करितो ती वाचून आमचे मृदंगवाले मला आठवले.

अलीफजाचा मुद्दा शेतकऱ्याला लागलीच पटेल असा आहे. अधर्म पेरणाराला त्याच बियाण्याचें पीक कापावें लागतें, हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे असें तो चौथ्या अध्यायांत सांगतो. हें खोटें नव्हे. दारूनें बुडालेलीं घरें आपणही पाहिलीं आहेत. परंतु तिघां मित्रांनीं हा नियम उलटा फिरविला : पाप केलें कीं दुःख येतें, म्हणून दुःख आलें कीं पाप केलेलेंच असलें पाहिजे. आपल्या देशांतील नैयायिक पंडित ह्याच चुकीपासून विद्यार्थ्यांस सावध करीत आले आहेत. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. पण जेथें अग्नि तेथें धूर असेलच, हें खरें नव्हे. त्यासाठीं ते तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला देतात. लोहाराच्या भट्टींतून काढलेला लाल गोळा पाहा. अग्नि आहे, धूर नाहीं. ईयोबाचे मित्र धार्मिक होते, वयानें वडील होते, पण हा लोखंडाचा गोळा समोर राखेंत बसलेला असतां त्यांस दिसला नाहीं. मलाही दिसला नाहीं, आणि मला तर परीक्षेंत त्याबद्दल गुण मिळाले होते.

ईयोबानें त्यांस काय उत्तर दिलें? तो तर्क सोडून नुसता रडत बसला नाहीं. एकविसावा अध्याय हातीं घ्या. दुष्टांचीं घरें निर्भय आहेत, ते म्हातारे होऊन सुखानें जगतात, त्यांचा वळू वायां जात नाहीं, त्यांची गाय गाभडत नाहीं, त्यांचीं पोरें अंगणांत नाचतात. माझें खोटें वाटत असेल तर वाटसरूंस विचारा! हा पुरावा गोठ्यांतला आहे, बाजारच्या वाटेवरचा आहे, आणि त्यापुढें मित्रांचा नियम टिकत नाहीं.

आतां सांगा, ह्या वादांत विश्वासाची बाजू कोणाची आणि तर्काची कोणाची? मित्र विश्वासाचे आणि ईयोब शंकेखोर, असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों, आणि तसें शिकविलेंही असेल. त्या रात्रीं मला उलट दिसलें. डोळे उघडे ठेवून पुरावा मांडणारा ईयोब होता. आणि देवाला न सोडणाराही तोच होता. मित्र देवाविषयीं पुष्कळ बोलतात, देवाशीं एक शब्दही बोलत नाहींत. सबंध पुस्तक चाळून पाहा, त्यांची एक प्रार्थना सांपडावयाची नाहीं. ईयोब मात्र पुनःपुन्हां मित्रांकडे पाठ करितो आणि देवाकडे तोंड करून भांडतो. भांडण्यासाठीं का होईना, समोर कोणी आहे असें धरूनच मनुष्य भांडतो.

तेराव्या अध्यायांतील एका प्रश्नापाशीं मी पुस्तक खालीं ठेविलें. ईयोब मित्रांस विचारतो कीं तुम्ही देवाच्या वतीनें खोटें बोलणार काय? त्याच्यासाठीं पक्षपात करणार काय? बंधूंनो, हें पाप आम्हां उपदेशकांच्या हातून फार सहज घडतें, कारण तें आम्हांस पाप वाटतच नाहीं. घरांत मूल मेलेलें आहे, आणि देवाची अब्रू राखावी म्हणून आपण बापाच्या प्रार्थनेंत खोट काढतों. ती खोट आपण पाहिलेली नसते. आपण ती गरजेपुरती तयार केलेली असते. कचेरींत अशा साक्षीला खोटी साक्ष म्हणतात. आपल्या प्रभूनें तर ही साक्ष स्पष्टपणें नाकारिली आहे : जन्मांधाविषयीं शिष्यांनीं पाप कोणाचें असें विचारलें तेव्हां (योहान ९), आणि शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसें मेलीं त्यांविषयीं बोलतांना (लूक १३).

कोणी म्हणेल, मग तर्कच टाकून द्यावा हें बरें. कांहीं ठिकाणीं तरुण मुलगा शास्त्राविषयीं प्रश्न विचारूं लागला कीं शिक्षक त्याला "गप्प बस, विश्वास ठेव" असें म्हणतात. हेंही मला मान्य नाहीं. बिरुयाच्या लोकांनीं प्रत्यक्ष पौलाचें बोलणें शास्त्राशीं ताडून पाहिलें, आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणी झाली आहे. आपले नारायण वामन टिळक ह्यांस आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें नवा करार दिला, तो त्यांनीं मनाशीं प्रश्न करीतच वाचला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीला पटलें तें लक्ष्मीबाईंस त्या वेळीं पटलें नाहीं. त्यांनीं स्वतः विचार करून, जातिभेद देवानें केला कीं माणसांनीं ह्याचा मनांत निवाडा करून, सुमारें पांच वर्षांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें १९१९ सालीं टिळक वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. तें शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनींच पुरें केलें. उसना तर्क त्यांच्या कामीं आला नव्हता. स्वतःचा मात्र आला.

तर चूक तर्काची नव्हती. चूक ही कीं तर्क चालवितांना आम्हीं समोरच्या माणसाकडे पाहिलें नाहीं. ईयोबाच्या मित्रांनीं सर्वांत चांगलें असें जें काम केलें तें दुसऱ्या अध्यायाच्या शेवटीं लिहिलें आहे, आणि त्यांत काव्य नाहीं, मुद्दा नाहीं. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, आणि त्याचें दुःख फार मोठें आहे असें पाहून कोणी त्याच्याशीं एक शब्दही बोलला नाहीं. आठव्या दिवशींही ते तसेच बसते तर!

शेवटीं देव बोलला, तोही काव्यांतच बोलला. त्यानें ईयोबाला मुलें कां मेलीं तें सांगितलें नाहीं. त्यानें प्रश्न विचारले : जेथें मनुष्य राहत नाहीं त्या रानावर पाऊस कोण पाडितो? कावळ्याच्या भुकेल्या पिलांस कोण चारितो? रानबकऱ्या केव्हां वितात हें तुला ठाऊक आहे काय? आणि ईयोबानें हात जोडले. आपल्याला न समजणाऱ्या गोष्टी आपण बोललों, हें त्यानें कबूल केलें. हेंही विसरतां कामा नये. प्रश्न विचारणारा सर्वज्ञ होत नाहीं. तथापि देवाचा कोप झाला तो त्याच्यावर नव्हे. देव अलीफजाला म्हणाला कीं तूं व तुझे दोघे मित्र माझ्याविषयीं यथार्थ बोललां नाहीं, जसा माझा सेवक ईयोब बोलला. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांस सात गोऱ्हे व सात एडके घेऊन त्याच रडणाऱ्याच्या दारीं जावें लागलें, आणि त्यानें त्यांच्यासाठीं प्रार्थना केली.

माझ्यापाशीं गोऱ्हेही नव्हते आणि एडकेही नव्हते. सोमवारीं सकाळीं मी तसाच मृदंगवाल्यांच्या शेतावर गेलों. ते भुईमूग उपटीत होते. मी बांधावर बसलों, मग उठून त्यांच्याबरोबर शेंगा तोडूं लागलों. दुपारच्या भाकरीपर्यंत आम्ही कांहीं बोललों नाहीं. नंतर मीं त्या शनिवारच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मुद्दा बरोबर असेल. पण मी मुद्दा विचारला नव्हता."

मास्तरांस मीं एकविसावा व बेचाळिसावा असे दोन अध्याय वाचावयास सांगितले. ते प्रामाणिक गृहस्थ. दोन दिवस त्यांनीं माझ्याशीं बोलणें टाळलें, आणि तिसऱ्या दिवशीं स्वतःच मृदंगवाल्यांच्या घरीं गेले. तेथें काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं, व मीं विचारलेंही नाहीं. महिन्याभरानें मृदंगवाले शनिवारीं आले, मृदंग पुढें ओढला, आणि तेंच पद चालीवर म्हटलें. मास्तरांनीं टाळ धरला. शेवटच्या चरणांतील प्रश्न होता तसाच आहे, आणि त्याचें उत्तर त्या घरीं अजून आलेलें नाहीं. तिसऱ्या चरणांतील जास्तीची मात्राही कोणी काढिली नाहीं. तेवढ्या ठिकाणीं मास्तर टाळ थोडा लांबवितात.