पत कोणाची?

जळगांवच्या सराफ बाजारांत एक देखावा नेहमीं दृष्टीस पडतो. दूरच्या खेड्यांतून आलेला शेतकरी मुलीच्या लग्नासाठीं सोनें घेतो, तेव्हां तो कसोटीचा दगड मागत नाहीं; दुकानावरील नांव पाहतो, आंत जाऊन बसतो आणि पैसे मोजून देतो. त्याला सोन्याची पारख नसते असें नव्हे. परंतु त्या नांवाची पारख त्याच्या बापानें आणि आजानें पूर्वींच करून ठेविलेली असते, आणि तिच्यावर तो विसंबतो. व्यवहारांत ह्यालाच पत असें म्हणतात. ही पत वस्तुतः कोणाच्या मालकीची, दुकानदाराच्या कीं गिऱ्हाइकाच्या, हा प्रश्न वरवर पाहतां निरर्थक वाटेल. परंतु विमानानें वारंवार प्रवास करणाऱ्या आमच्यासारख्या लोकांच्या तोंडीं अलीकडे जी एक तक्रार सतत ऐकूं येते, तिचा विचार करूं लागलें असतां ह्याच प्रश्नाशीं येऊन थांबावें लागतें.

ती तक्रार अशी: "ही कंपनी आतां पूर्वींची राहिली नाहीं." नांव तेंच, रंग तोच, तिकिटाचा दर तर चढताच, पण विमान वेळेवर सुटत नाहीं, सामान हरवलें तर दाद लागत नाहीं, आणि चौकशीसाठीं फोन केला तर यंत्र बोलतें, माणूस सांपडत नाहीं. 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण अशा वेळीं कोणाच्या तरी ओठांवर येतेच. ही केवळ सुखवस्तु लोकांची कुरकुर आहे, कीं तींत नीतीचाही कांहीं प्रश्न गुंतलेला आहे, ह्याचा थोडा शांतपणें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

आमच्या खानदेशापुरतें बोलावयाचें तर विमानाचें सुख आम्हांस फार उशिरां आणि फार तुटकपणें लाभलें. धुळ्याजवळ गोंदूर येथें धांवपट्टी आहे व तेथें वैमानिकांचें शिक्षणही झालेलें आहे. परंतु तिकीट काढून बसावें असें नियमित विमान धुळेंकरांच्या वांट्यास आलेलें नाहीं. जळगांवच्या विमानतळाचें उद्घाटन मार्च २०१२ मध्यें तत्कालीन राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील ह्यांच्या हस्तें झालें; पुढें पांच वर्षांहून अधिक काळ तो विमानतळ नियमित प्रवाशांची वाट पाहत राहिला. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखालीं डिसेंबर २०१७ मध्यें एअर डेक्कननें मुंबईची सेवा सुरू केली, ती लवकरच खंडित झाली. २०१९ मध्यें ट्रूजेट आली. २०२२ मध्यें तिचीं विमानें थांबलीं. २०२४ मध्यें फ्लाय-९१ नें पुन्हां नव्यानें आरंभ केला. ह्या येण्याजाण्याचा परिणाम असा झाला कीं, आमच्या परिचयाचे कित्येक व्यापारी व वकील मुंबईच्या विमानाचें तिकीट काढतात आणि आदल्या रात्रीच्या रेल्वेचेंही आरक्षण करून ठेवतात. मुंबई लोहमार्गानें सुमारें ४२० किलोमीटर. रात्रीं बसावें, सकाळीं उतरावें. दोन्हींपैकीं एक तिकीट वायां जाणार हें ठाऊक असूनही माणूस ही दुहेरी तजवीज करतो, ती हौसेनें खचित नव्हे.

येथें एक आक्षेप प्रथमच विचारांत घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, "स्वस्तांत उडावयाचें आणि राजेशाही सेवाही मागावयाची, हा कोठला न्याय?" ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. 'उडान' योजनेंत विमानांतील सुमारें निम्म्या जागांवर भाड्याची मर्यादा घातली गेली. आरंभीं ती तासाभराच्या प्रवासास सुमारें २५०० रुपये होती. येणारी तूट सरकार भरून देई आणि त्या मार्गावर कंपनीस तीन वर्षें एकाधिकार मिळे. इतक्या अल्प दरांत जेवणाचें ताट आणि पाय पसरण्यास जागा कोणी मागूं नये हें आम्हांस मान्य आहे. प्रवाशानें जेवढे दाम मोजले असतील, तेवढ्याच सुखावर त्याचा हक्क.

परंतु सुख आणि शब्द ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, आणि ह्या वादांतील सारा घोटाळा त्यांची गल्लत केल्यानें होतो. १९४८ च्या जूनमध्यें पुण्याहून अहमदनगरास पहिली एस. टी. गेली, तेव्हांपासून आजपर्यंत तिच्या लांकडी वा गादीच्या बांकावर बसून कोणी राजेशाही थाटाची अपेक्षा केली नसेल. धुळ्याच्या स्थानकावर धूळ खात उभें राहिलेलें माणूस गाडी खिळखिळी आहे म्हणून फारसें चिडत नाहीं. फलकावर लिहिलेली गाडी लागत नाहीं आणि ती कां लागत नाहीं हें खिडकींतील गृहस्थ सांगत नाहीं, तेव्हां तें चिडतें. सुखाला दराप्रमाणें उणें-अधिक करतां येतें. दिलेल्या शब्दाला स्वस्त आणि महाग अशा प्रती नसतात. दोन हजारांच्या तिकिटावर छापलेली वेळ वीस हजारांच्या तिकिटावरील वेळेइतकीच बंधनकारक असते.

हें आम्ही पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही दक्षिणेकडील एका मोठ्या शहरीं असतां धुळ्याहून निरोप आला कीं, आत्या अत्यवस्थ आहे, लगेच निघा. सायंकाळीं पांचच्या विमानानें मुंबई गांठावी आणि तेथून रातोरात मोटारीनें धुळें, असा बेत ठरला. कंपनी नामांकित होती. वर्षानुवर्षें आम्ही तिच्याच विमानांनीं प्रवास करीत आलों होतों. पांच वाजतां सांगण्यांत आलें कीं, अर्धा तास उशीर आहे. साडेपांचला तो एक तास झाला. साडेसहाला 'विमान येतांच' असें उत्तर मिळालें. सात वाजतां दुसऱ्या एका कंपनीचें मुंबईचें विमान आमच्या डोळ्यांदेखत सुटलें. त्यांत जागा होत्या हें मागाहून कळलें. नऊ वाजतां आमचें उड्डाण रद्द झाल्याचें जाहीर झालें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही धुळ्यास पोंचलों तेव्हां आत्या गेलेली होती, आणि आमच्यासाठीं थांबून थांबून अखेर सर्व विधि उरकले होते. ज्या आत्यानें आम्हांस लहानाचें मोठें केलें, तिचें मुखही आम्हांस दिसलें नाहीं.

विमान वेळेवर सुटतें तर भेट झालीच असती, असें आम्ही छातीठोकपणें म्हणत नाहीं. यंत्र बिघडतें, आकाश भरून येतें, वैमानिक आजारी पडतो. ह्यांत कोणाचा अपराध नाहीं. परंतु सहा वाजतां कोणीतरी खरें सांगितलें असतें, तर सातच्या विमानानें निघणें आमच्या हातीं होतें. विमान नाहीं ह्याचें दुःख निवळलें. खोट्या आशेवर बसवून ठेविलें ह्याचें अद्यापि निवळलेलें नाहीं.

त्या रात्रीं आमच्याकडूनही एक अपराध घडला, तो येथें सांगितला पाहिजे. खिडकीमागें एक विशीबाविशीची मुलगी एकटी उभी होती. आम्ही तिला नाहीं नाहीं तें बोललों. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि ती हळूच म्हणाली, "काका, मला जेवढें कळवितात तेवढेंच मी सांगतें." त्या वाक्यानें आमचा राग ओसरला नाहीं; पण तो भलत्या ठिकाणीं ओतला गेला हें ध्यानांत आलें. ज्यांनीं खरें दडविलें ते तेथें नव्हते; आणि जी तेथें होती, तिच्यापासूनही तें दडविलेलेंच होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पत कोणाची? कंपनी म्हणेल, आमची. नांव आमचें, विमानें आमचीं. परंतु इतिहास निराळें सांगतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं कराचीहून टपालाचें लहानसें विमान मुंबईच्या जुहू येथें आणून उतरविलें, त्या आरंभांतून पुढें एअर इंडिया उभी राहिली. १९५३ मध्यें ती सरकारची झाली. तरी टाटा १९७८ पर्यंत तिचे अध्यक्ष राहिले, आणि स्वतः प्रवास करतांना लहानसहान उणिवा टिपून अधिकाऱ्यांस कळवीत असत. पुढें तिचा लौकिक उतरत गेला. जानेवारी २०२२ मध्यें ती पुन्हां टाटांकडे आली. मालक दोनदां बदलले. पण प्रवासी मात्र प्रत्येक मालकास त्याच जुन्या मापानें मोजीत राहिला. ज्यांनीं तो सुवर्णकाळ डोळ्यांनीं पाहिला नाहीं, अशी तरुण मंडळीही वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून आजच्या चहाची परीक्षा करतात. भागभांडवल विकतां येतें, विमानें विकतां येतात. ही आठवण मात्र कोणत्याही खरेदीखतांत लिहून देतां येत नाहीं, कारण ती विकणाऱ्याजवळ कधींच नव्हती.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, पत ही कंपनीची मिळकत नसून प्रवाशांनीं तिच्याजवळ ठेविलेली ठेव आहे. कंपनीनें चोख सेवेनें ती मिळविली हें खरें. पण पेढीवरची ठेवही पेढीवाल्यानें आपल्या सचोटीनेंच मिळविलेली असते, म्हणून ती त्याची होत नाहीं. खर्च वांचविण्यासाठीं माणसें कमी करावीं, तयारी पुढें ढकलावी आणि जुन्या नांवावर लोक येतच राहतील असा हिशेब करावा, ह्याचा अर्थ दुसऱ्याची ठेव आपल्या नफ्यांत जमा करणें असा होतो. वक्तशीरपणाच्या बळावर २००६ पासून वाढलेल्या इंडिगो कंपनीचीं शेंकडों उड्डाणें डिसेंबर २०२५ च्या आरंभीं एकेका दिवशीं रद्द झालीं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम हें त्यामागील मुख्य कारण होतें. आणि ते नियम जवळजवळ दोन वर्षें आधीं, जानेवारी २०२४ मध्यें, जाहीर झालेले होते. लोकांस जो धक्का बसला तो केवळ गैरसोयीचा नव्हता. देशांतील निम्म्याहून अधिक प्रवासी ज्या एका नांवावर विसंबले होते, त्या नांवाच्या पोटीं पुरेशी पूर्वतयारी नव्हती, हें कळल्याचा तो धक्का होता.

तथापि ठेवीदारही सावध असावा लागतो, आणि ह्या बाबतींत आम्ही नित्याचे प्रवासी निर्दोष नाहीं. १९८१ मध्यें अमेरिकन एअरलाइन्सनें वारंवार येणाऱ्या प्रवाशांच्या खात्यांत मैल जमा करण्याची योजना काढली, आणि तिचें अनुकरण जगभर झालें. आमच्याही खिशांत तसलीं कार्डें आहेत. त्यांच्या जोरावर निराळी रांग मिळते, निराळ्या खोलींत चहा मिळतो, आणि तक्रार केली कीं आणखी थोडे मैल जमा होतात. आम्ही ते घेतों आणि गप्प बसतों. आमचा राग असा थोडक्यांत विकत घेतला गेल्यावर, आयुष्यांत प्रथमच विमानांत बसलेल्या चोपड्याच्या वा शिरपूरच्या म्हातारीसाठीं बोलणार कोण? कंपनीचे दोष ज्यांना सर्वांत आधीं दिसतात, त्यांचेंच तोंड सर्वांत आधीं गोड केलें जातें. १७ एप्रिल २०१९ रोजीं जेट एअरवेजचीं विमानें थांबलीं. तिच्या कर्मचाऱ्यांचे पगार त्यापूर्वींच महिनोन्महिने थकले होते. मैलांची योजना मात्र त्याच वर्षीं नवें नांव घेऊन पुढें चालू राहिली. निष्ठा म्हणून जें आम्ही मिरवीत होतों, त्याचा त्या माणसांना कांहींच उपयोग झाला नाहीं.

कोणी असेंही म्हणतील कीं, कायदा आहेच. नियमाप्रमाणें पूर्वसूचना न देतां उड्डाण रद्द झाल्यास प्रवासाच्या लांबीनुसार जास्तींत जास्त ५,०००, ७,५०० वा १०,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. मात्र कंपनीच्या हाताबाहेरील कारणें तींतून वगळलेलीं आहेत. तरतूद चांगली आहे आणि ती वसूल करावी. परंतु दंड भरला म्हणजे शब्द पाळला असें होत नाहीं. आमच्या त्या रात्रीचें मोल कोणत्याही कोष्टकांत सांपडणार नाहीं. शिवाय 'हाताबाहेरचें' काय, हें पुन्हां कंपनीच सांगणार. म्हणजे सत्य सांगण्याचें कर्तव्य कायद्याच्याही पूर्वींचें ठरतें.

मग करावें काय? आमच्या मतें मागणी एकच आणि लहान असावी: सुख कमी द्या, पण खरें सांगा, आणि लवकर सांगा. ही मागणी खिडकीमागील मुलीवर ओरडून नव्हे, तर कंपनीच्या चालकांस नांवगांव घालून लिहिलेल्या पत्रानें करावी. आणि ती करतांना आपल्या रांगेपुरतें न पाहतां शेजारच्या लांब रांगेचेंही पाहावें. इतकें करूनही शब्द पाळला जात नसेल, तर आपली ठेव उचलावी. जेथें दुसरी पेढीच नाहीं, तेथें निदान मैलांच्या मोबदल्यांत ती सोडून देऊं नये.

जळगांवच्या व्यापाऱ्याच्या खिशांतील तें दुसरें, रेल्वेचें तिकीट आम्हांस ह्या साऱ्या प्रकरणांत फार बोलकें वाटतें. जाहिराती, बोधचिन्हें, पारितोषिकें ह्यांवरून विमानकंपनीच्या लौकिकाची परीक्षा करण्याचें कारण नाहीं. ज्या दिवशीं तो दुसरें तिकीट काढण्याचें आपण होऊन विसरेल, त्या दिवशीं पत परत आली असें समजावें.