कुलूप यंत्राला, की अक्षरांना?

ज्याचे यंत्र त्याचीच प्रणाली, ती दुसऱ्याच्या यंत्रावर चालू द्यायची की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? संगणकाच्या धंद्यातले एक स्नेही ॲपलची बाजू घेऊन हा प्रश्न वारंवार विचारतात. जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केले, की मॅकओएस टाहो ही इंटेल चिपच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. तशाच चिपच्या साध्या पीसीवर खटपट करून मॅकओएस बसवणाऱ्यांची वाटही त्याबरोबर मिटत चालली. स्नेह्यांना यात आनंद वाटतो, मला वाटत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिन कोणत्याही कंपनीचे असो, त्याचा भाग घडवून देणारा कारागीर भेटतो. त्या गावात राहून बंद पेटीचे कौतुक माझ्याने होणार नाही.

पण स्नेह्यांचा एक दाखला भक्कम आहे. १९९५ पासून ॲपलने पॉवर कॉम्प्युटिंगसारख्या कंपन्यांना मॅकची प्रणाली परवान्याने दिली. मॅक नव्या घरांत शिरेल, बाजार वाढेल, हा हिशेब. बाजार फारसा वाढला नाही; उलट ॲपलची महाग, जास्त नफ्याची यंत्रे घेणारी गिऱ्हाइकेच स्वस्त आणि वेगवान नकलांकडे वळली. प्रणाली घडवण्याचा खर्च यंत्रांच्या नफ्यातून निघत होता आणि परवान्याची किरकोळ फी ती तूट भरून काढू शकत नव्हती. १९९७ साली कंपनी जबर तोट्यात असताना परतलेल्या स्टीव्ह जॉब्जनी परवाने गुंडाळले आणि पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा व्यवसाय १० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या मोबदल्यात घेऊन टाकला. त्यांच्या जागी कोणीही शहाणा माणूस हेच करता. जो निर्माता प्रणाली पोसतो, तिच्या चुका दुरुस्त करतो, त्याने ती इतरांना द्यावी अशी सक्ती मी करणार नाही. इथवर स्नेह्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

मात्र यंत्रावरचा हक्क यंत्रात लिहिलेल्या मजकुरापर्यंत पोहोचू लागला, की माझी मान्यता संपते. मराठी माणसाने हे भोगले आहे, तेही खुली वाट समोर असताना. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्राचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. पीसीत जिस्टचे कार्ड बसवले, की इंग्रजीसाठी केलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटे. कार्ड विकत घ्यावे लागे, पण त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. कोणीही ती वापरावी. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतली आहे.

डीटीपीचे फाँट मात्र वेगळ्या वाटेने गेले. ‘क’ कोणत्या क्रमांकावर ठेवायचा हे ज्याने त्याने आपल्यापुरते ठरवले, वर डोंगलचे लॉक. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, तरी छापखान्यांतला पसारा जुन्याच फाँटांत राहिला. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडा, पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. गावांचे इतिहास, स्मरणिका, दिवाळी अंक अशा कितीतरी फाइली आजही त्या अवस्थेत पडून आहेत. त्या मजकुरावर फाँटवाल्याचा काडीइतकाही हक्क नव्हता.

म्हणून माझी मागणी अशी आहे. यंत्र विकले जाते, दुरुस्त होते, तोवर निर्मात्याने प्रणाली खुशाल स्वतःपाशी ठेवावी. ज्या दिवशी तो त्या यंत्राला वाऱ्यावर सोडतो, त्या दिवशी त्याने लॉक काढावे, संकेतांचे तक्ते जाहीर करावेत आणि ती प्रणाली दुसरीकडे चालवणाऱ्याला कोर्टात खेचण्याचा हक्क सोडावा. ही अट विक्रीच्या करारातच हवी, आणि सरकारी खरेदीपासून तिची सुरुवात करता येईल. मराठी दफ्तरे सांभाळणाऱ्या कार्यालयांनी अशी अट नसलेली एकही निविदा मंजूर करू नये.