कडी उघडी आहे हो!

रस्त्यानं पुढे चाललेल्या गृहस्थांच्या धोतराचा सोगा सुटलेला दिसला, तर त्यांना सांगावं की सांगू नये, याचं उत्तर गीतेत नाही. अर्जुनाला त्या दिवशी इतर काळज्या होत्या. सांगावं, तर गृहस्थ असे बघतात की सोगा आपणच ओढला असावा. न सांगावं, तर पुढच्या चौकात पाय अडकून पडतात. मोठ्यानं सांगावं, तर सगळा रस्ता बघतो. मी पडलो बी.कॉम.; नीतिशास्त्राचा पेपर आम्हाला नव्हता. पण धोतरं गेली तरी प्रश्न राहिला, आणि हल्ली तो कॉम्प्युटरात शिरलाय.

कॉम्प्युटरातलं भोक म्हणजे काही गूढ प्रकार नव्हे. चेकवर अक्षरी रक्कम लिहिली की पुढे 'फक्त' लिहून रेघ मारा, असं आम्ही कारकून लोक घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. कारण मोकळ्या जागेत दुसराच कुणी आणखी काही लिहितो आणि कॅशियर ते तुमचंच समजून पैसे मोजतो. वेबसाइटचंही तेच. 'नाव लिहा' म्हटलेल्या चौकटीत एखादा इसम नावाऐवजी हुकूम लिहितो, आणि रेघ मारलेली नसली तर मशीन तो मुकाट्यानं पाळतं.

२०१४ च्या एप्रिलात 'हार्टब्लीड' नावाचं भोक उजेडात आलं. वेबसाइटशी चाललेलं आपलं बोलणं गुप्त ठेवणारं 'ओपनएसएसएल' हे सॉफ्टवेअर, पहारेकरीच म्हणा. "जागा आहेस ना? मग मी पाठवतो तो शब्द परत म्हण बघू," अशी त्याची परीक्षा घेता येई. त्यात शब्द पाठवायचा 'राम' आणि सांगायचं की याची अक्षरं चौसष्ट हजार! बिचारा 'राम' म्हणून झाल्यावर आकडा भरेपर्यंत समोर जे पडलं असेल ते वाचून दाखवी, प्रसंगी लोकांचे पासवर्डसुद्धा. अक्षरं मोजून घ्यायची राहिली होती, एवढंच. ती चूक त्या सॉफ्टवेअरमध्ये दाखल झाली ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री. ज्यानं ३१ मार्चच्या रात्री बँकेत आकडे जुळवलेत, तो त्या प्रोग्रॅमरला हसणार नाही.

तेव्हा भोकं पडणारच. सांगणाऱ्याचं काय करायचं, ते बोला.

१८५१ साली लंडनला मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे आलेल्या अल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलुपवाल्यानं चब कंपनीचं नामांकित कुलूप पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं. ब्रामा कंपनीनं तर दुकानाच्या खिडकीत कुलूप मांडून, उघडणाऱ्याला दोनशे गिनी, अशी पाटीच लावली होती. हॉब्जनं तेही उघडलं. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. झालं! अशानं चोरांना शिक्षण मिळेल, अशी ओरड झाली. हॉब्जच्या बाजूचं म्हणणं असं की चोरांचं शिक्षण केव्हाच पूर्ण झालंय, अडाणी राहिलेत ते घरमालक. मला हे पटतं.

आता गप्प बसण्याचा हिशेब पाहा. अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्याला विंडोजमधलं एक भोक ठाऊक होतं. दुसऱ्याच्या घरात शिरायला बरं, म्हणून त्यांनी किल्ली करून खिशात ठेवली. पुढे किल्लीच चोरीला गेली! मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ठिगळ काढलं, एप्रिलात किल्ली चव्हाट्यावर आली, आणि १२ मे रोजी 'वॉनाक्राय' सुटला. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांवर कॉम्प्युटर अडकले. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत ऑपरेशनं रद्द झाली. ठिगळ होतं, पण पुष्कळांनी लावलंच नव्हतं, हेही खरंच. तरी ज्याचं ऑपरेशन पुढे गेलं, त्याच्या वतीनं गप्प बसायचा अधिकार कुणाला कुणी दिला होता?

मधला मार्ग असा निघालाय की आधी मालकाच्या कानात सांगायचं, मुदत द्यायची, मग चारचौघांत बोलायचं. गूगलची 'प्रोजेक्ट झीरो' मंडळी नव्वद दिवस देतात. हा आकडा आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीचा. हप्ता नव्वद दिवसांवर थकला की कर्ज 'एनपीए' होतं, आणि कर्जदार बरोबर एकोणनव्वदाव्या दिवशी घामाघूम होऊन येतो. मुदतीशिवाय माणूस हलत नाही, कंपनी तरी कशी हलेल?

हे सगळं मी साहेबांना सांगून पाहिलं, तो दिवस सांगतो. एक कॉलेजातला पोरगा काउंटरवर आला. "काका, नेटबँकिंगमध्ये माझं स्टेटमेंट उघडलं की वरच्या पत्त्यात नंबर दिसतो. त्यातला शेवटचा आकडा एकानं वाढवला, तर एका आजींचं पेन्शन दिसतं." त्याला घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

साहेबांनी चष्मा काढला. "तू आकडा वाढवलासच का?"

पोराचा चेहरा उतरला. "मी सांगायला आलो होतो, सर."

"नाव काय तुझं? खाते नंबर?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, "साहेब, कडी उघडी आहे म्हणून सांगणाऱ्याचंच नाव आपण लिहून घेतलं, तर पुढचा माणूस सांगायला येणार नाही. नुसता आत जाईल." साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लिहा तुम्हीच."

मी 'एका खातेदाराने निदर्शनास आणल्यानुसार' असं लिहून पत्र पाठवलं. त्या आजींना कळवावं, असाही एक परिच्छेद घातला होता. तो साहेबांनी लाल पेनानं काढला. मी पुन्हा घातला, त्यांनी पुन्हा काढला. शेवटी तो मी वेगळ्या कागदावर, माझ्या सहीनं जोडला.

नव्वद नाही, अकराच दिवसांत हेड ऑफिसचं उत्तर आलं. 'सदर त्रुटी दूर करण्यात आली आहे. सदर त्रुटी कधीही अस्तित्वात नव्हती. जोडपत्राबाबत स्वतंत्रपणे कळविण्यात येईल.'

जोडपत्राचं मी दर सोमवारी विचारतो.