अंगणाचा उतार

पळस्पे फाट्यावर जुन्या पुणे रस्त्यातून गोव्याचा रस्ता फुटतो. त्या फाट्याजवळ एका मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान होतं.

गावातला एक तरुण न्हावाशेव्याकडे कंटेनर यार्डात कामाला होता. रोज मोटरसायकलने जायचा. पावसाळ्यात ट्रेलरनी उडवलेला चिखल चेनवर बसायचा आणि बघता बघता चेन करकरायला लागायची. वडिलांच्या जुन्या गाडीला डबल स्टँड होता. चाक अधांतरी राहायचं, चेन बसल्या जागी पुसता यायची. याच्या गाडीला नुसता साइड स्टँड. थोडी चेन पुसायची, गाडी ढकलायची, पुन्हा पुसायची.

शेवटी त्याने मागचं चाक उचलणारा स्टँड घ्यायचं ठरवलं. पनवेलच्या एका दुकानात लाल रंगाचा, आकड्यांचा म्हणजे हुकांचा स्टँड त्याच्या मनात भरला. शर्यतीच्या गाड्या तसल्याच स्टँडवर उभ्या असतात. पैसे देण्याआधी तो मिस्त्रीकडे आला.

"काका, आकड्यांचा स्टँड घेऊ ना?"

मिस्त्रीने विचारलं, "गाडी घरी कुठं लावतोस?"

"अंगणात."

"अंगण सपाट आहे?"

"आहे की."

"आणि चिमट्याला बॉबिन बसवायची आटी आहे?"

तरुण गप्प राहिला.

"मग आज घेऊ नकोस," मिस्त्री म्हणाला. "घरी जा. अंगणात तांब्याभर पाणी ओत. गाडीखाली वाकून बघ. मग ये."

तरुणाने घरी येऊन गाडीच्या मागच्या चाकाशी तांब्या ओतला. पाणी क्षणभर थांबलं, मग सरळ पुढच्या चाकाखालून फाटकाकडे निघालं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून तुझ्या आजोबांनी मुद्दाम उतार दिलाय." तो त्याच अंगणात रांगला होता, खेळला होता. उतार त्याला कधी दिसला नव्हता.

मग तो गाडीखाली वाकला. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं, त्याच्या दोन्ही बाजू त्याने बोटाने चाचपल्या. कुठेच आटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने त्याला समजावलं. बॉबिन म्हणजे चिमट्याला दोन्ही बाजूंनी बोल्टने बसवायचं खाचेचं रीळ. आकड्यांचा स्टँड त्यात अडकतो. बॉबिनचा बोल्ट गाडीगणिक वेगळा, कुणाला 6, कुणाला 8, कुणाला 10 मिलिमीटरचा. आटीच नसेल तर आकडे धरणार कशाला? अशा गाडीला चिमट्याखाली टेकणारे, रबर लावलेले सपाट हात असलेला स्टँड घ्यावा. ते हात चिमट्याच्या रुंदीप्रमाणे सरकवता यावेत. स्टँडची बैठक रुंद असावी, पाइप जाड असावा. उतार असेल तर कितीही महागाचा घेतला तरी भरवसा नाही. मागचं चाक उचललं की पुढचं मोकळं राहतं, आणि उताराने गाडी पुढे सरकून स्टँडवरून उतरते.

एवढं सांगून मिस्त्रीने डावा हात पुढे केला. तर्जनीचं पेर नव्हतं. "चाक अधांतरी होतं. लवकर उरकावं म्हणून गाडी चालू करून गिअर टाकला आणि चेनला फडकं लावलं. फडकं ओढलं गेलं, त्याच्यामागे बोट. तू चाक हातानेच फिरव. इंजिन बंद."

तरुणाने घराची पडवी मोकळी केली. तिथली लाकडं त्याने आणि आईने मिळून मागे रचली. खालची जमीन त्याने कोबा घालून सपाट केली आणि कोबा वाळू दिला. पुन्हा तांब्या ओतला. पाणी जागच्या जागी पसरलं. मग त्याने सपाट हातांचा, साध्या काळ्या रंगाचा स्टँड आणला. पहिल्या वेळी आईने पुढून हँडल धरलं, त्याने मागून स्टँडची दांडी दाबली. चाक वर आलं. पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून तो खाली बसला. रॉकेलच्या फडक्याने चेन पुसली, सुकू दिली, चाक हाताने फिरवत फिरवत नव्वद नंबरचं ऑइल सोडलं. तेव्हाच त्याला टायरमध्ये रुतलेला एक खिळा दिसला. गाडी ढकलत पुसताना तो कधी नजरेला पडला नव्हता.

वस्तू घ्यायला निघालं की माणसाचे डोळे वस्तूवर असतात. ती जिथं टेकणार ती जागा रोजची, पायाखालची असते, म्हणून ती बघायची राहून जाते. मिस्त्रीने तरुणाला दुकानातून घरी धाडलं, ते एवढ्यासाठीच.

तुम्हीही स्टँड घेणार असाल तर आधी गाडीखाली वाकून आटी पाहा, चिमट्याची रुंदी टेपने मोजा आणि पहिल्या वेळी गाडी एकट्याने उचलू नका. चेन दर 500 किलोमीटरला पुसावी, पावसाळ्यात त्याच्याही आधी.