न उकळलेलें पेय

टिकाऊपणा हा गुण खरा. पण तो सद्गुण आहे काय? फिनलंडांतील 'साहती' नांवाच्या घरगुती बीयरविषयीं वाचतांना हा प्रश्न मनांत आला. मोड आणून वाळविलेले जव कढत पाण्यांत भिजवावे, जुनिपरच्या डहाळ्या अंथरलेल्या लांकडी डोणींतून तो गोड रस गाळावा, आणि निवल्यावर त्यांत पाव फुगविण्याचें खमीर घालावें, अशी तिची कृति. एरवीं बीयर करणारे हा रस तासभर उकळतात; हॉपच्या फुलांचा कडूपणा त्यांत उतरतो व बीयर महिनोन्‌महिने टिकते. साहतीचा रस बहुधा उकळीतच नाहींत; म्हणून ती थोड्याच आठवड्यांत बिघडते.

मला प्रथम ती उणीच वाटली. दूध दोनदां तापवून ठेवणाऱ्या घरांत मी वाढलों! परंतु जें टिकत नाहीं त्याचा सांठा करतां येत नाहीं. तें लग्नकार्याच्या बेतानें करावें आणि शेजाऱ्यांना बोलावून संपवावें लागतें. मग हें औदार्य माणसांचें, कीं पेयाच्या नाशवंतपणानें त्यांच्यावर लादलेलें? आज शीतकपाटांत साहती अधिक दिवस राहते, दुकानांतहि मिळते. तरीहि कोणी ती घरीं करून शेजाऱ्यांना हांक मारीत असेल, तर त्या हांकेला मी जुन्या मेजवान्यांहून अधिक मोल देईन.