काळे पाणी आणि बाटलेपण

बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पतनाला कारण ठरणाऱ्या कर्मांत गणला. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या पतनाची धास्ती शिक्षेत जमेस धरली. 1858 पासून अंदमानात नेलेल्या कैद्यांच्या वाट्याला जंगलतोडीची सक्तमजुरी आली, शिवाय जात गेल्याची भीतीही. पण बेड्या घालून जहाजावर चढवलेल्याला पाप का लागावे? अजाणता आणि जाणूनबुजून केलेल्या दोषांत धर्मशास्त्रच फरक करते. तरीही कलिवर्ज्याच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींच्या, नियमानुसार समुद्रगामी द्विज प्रायश्चित्तानंतरही अस्वीकार्यच. हा नियम निर्दय आहे: जबरदस्ती दुसऱ्याची, बाटणारा मात्र कैदी. प्रत्यक्षात मात्र अंदमानात सुटका झालेल्या कैद्यांनी जात आणि प्रांत ओलांडून लग्ने केली; त्यांची हिंदुस्तानी बोलणारी मुले ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखली गेली.