नाव कोणाचं निघतं

ऑगस्ट 2021मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द या गावात सात जणांना भर चौकात खांबाला बांधून मारहाण केली. भानामती करतात, असा त्यांच्यावर आळ होता. सातही जण दलित होते. त्यांत म्हातारी माणसं होती, बायाही होत्या. मे 2024मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारलं. पहिलं गाव माणिकगडच्या पहाडावरचं, दुसरं गडचिरोलीच्या जंगलातलं. अशी बातमी आली की वरोऱ्यासारख्या रस्त्यावरच्या, रेल्वेवरच्या गावात लोक चहा पितापिता म्हणतात, अडाणीपणा आहे, अंधश्रद्धा आहे, दुसरं काय! मला हे उत्तर पुरत नाही. लिंबू-मिरची वरोऱ्याच्या दुकानांवरही टांगलेली असते, नव्या ट्रॅक्टरला काळी बाहुली बांधलेली असते, आणि शिकलेल्या घरांतही बाळाच्या गालाला काजळाची तीट लागते. या कशानंही कोणी मरत नाही. मग मंत्रतंत्र नेमकं कुठल्या वळणावर माणसाच्या जिवावर उठतं?

माझी आजी दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन पोरावरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. मिरच्यांचा ठसका उठला नाही तर ती समाधानानं मान हलवायची. म्हणजे दृष्ट होती, जळून गेली. उतरवताना ती पुटपुटायची त्यात आलेले होते, गेलेले होते, घरचे, दारचे, वाटेवरचे, झाडाझुडपातले सगळे होते. पण एकाही माणसाचं नाव नव्हतं. शेजारीण सकाळी येऊन बाळाला गुटगुटीत म्हणून गेलेली असली तरी तिचं नाव त्या यादीत कधीच यायचं नाही. दृष्ट सगळ्या जगाची लागलेली असायची, म्हणजे कोणा एकाची नाही. मूल झोपायचं, घर शांत व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारीण पुन्हा वाटीभर साखर मागायला यायची.

आपल्याकडच्या मंत्रविद्येच्या वाटा कितीतरी आहेत. अथर्ववेदात तापावर, खोकल्यावर, सापाच्या विषावर मंत्र आहेत आणि त्याच ग्रंथात शत्रूवर चालवायचे अभिचारही आहेत. नाथपंथानं शाबरी मंत्र खेड्यापाड्यांत पोचवले. आमच्या जिल्ह्यांतल्या गोंड आणि माडिया गावांत पेरमा असतो, भुमका असतो. गावदेवाची पूजा, पेरणीआधीचं बी पूजणं, पंडुमचे सण, सगळं त्यांच्या हातून होतं. जंगलातली मुळं-साली ओळखणारी जाणती माणसंही अशा गावांत असतात. हे सारं एका टोपलीत टाकून वर ‘अंधश्रद्धा’ असा कागद चिकटवला की नदीच्या काठी नारळ वाहणारी म्हातारी आणि चौकात माणूस बांधणारा जमाव एकाच रांगेत उभे राहतात. त्यात म्हातारीवर अन्याय होतो, आणि जमावाचा गुन्हा हलका होतो.

इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञानं आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवर 1937 साली ग्रंथ लिहिला. त्यातली कणगीची गोष्ट प्रसिद्ध आहे. खांब वाळवीनं खाल्ले म्हणून धान्याची कणगी कोसळते आणि खाली सावलीला बसलेला माणूस चिरडतो. वाळवी अझांदे लोकांनाही ठाऊक असते. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो: कणगी नेमकी हाच माणूस खाली असताना का पडली? करणी हे त्या प्रश्नाचं उत्तर. हा प्रश्न आपल्यालाही पडतोच. तापानं फणफणलेलं लेकरू दोन दिवसांत जातं, तेव्हा आई विचारते, माझंच का? गडचिरोली हा महाराष्ट्रातल्या हिवतापानं सर्वाधिक ग्रासलेल्या जिल्ह्यांपैकी एक. हा ताप मेंदूत चढला की रोगी बरळतो, झटके देतो, माणसं ओळखेनासा होतो; बघणाऱ्याला वाटतं, ह्याच्यात दुसरंच कोणी शिरलंय. डॉक्टर डासाचं आणि जंतूचं नाव सांगतो. ते खरं असतं आणि वेळेत कळलं तर जीव वाचवतं. पण गेलेल्या लेकराच्या आईला डासाशी भांडता येत नाही. अशा वेळी कोणी तरी हलक्या आवाजात एक नाव उच्चारतं, आणि इतका वेळ नुसतं घुसमटलेलं दुःख उठून दुसऱ्याच्या दाराकडे चालू लागतं.

नाव कोणाचं निघतं, हे नीट पाहायला हवं. अंगात आलेल्या बाईच्या तोंडून निघो, नाहीतर पैसे घेऊन बसलेल्या मांत्रिकाच्या, ते नाव सरपंचाचं निघत नाही. चार धडधाकट भाऊ असलेल्याचं निघत नाही. निघतं ते एकट्या विधवेचं, खोकणाऱ्या म्हाताऱ्याचं, दोन एकरांवरून भाऊबंदकी चालू असलेल्याचं, दलित वस्तीतल्या घराचं. जादू जर खरंच एवढी ताकदवान असती, तर ती येणारी माणसं गावातली सर्वांत दुबळी कशी असतात? वणी खुर्दच्या त्या सात जणांच्या हाती विद्या असती तर खांबाला वेगळीच माणसं दिसली असती.

भानामतीचंही तसंच. घरावर दगड पडतात, वाळत घातलेलं लुगडं पेट घेतं, अंगावर काळ्या फुल्या उमटतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी घरं धीरानं तपासली आहेत. कातडीवरच्या फुल्या पुष्कळदा बिब्ब्याच्या तेलाच्या निघतात, आणि करणारं माणूस बहुधा त्या घरातलंच असतं: कोंडमारा झालेली सून, किंवा बोलायला जागा नसलेली वयात येणारी पोर. चांगले कार्यकर्ते त्या पोरीचं नाव गावात फोडत नाहीत. तिच्याशी बोलतात, घरच्यांना समजावतात, प्रकार थांबतो. या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की खरं नाव हाती लागलं तरी ते चौकात नेत नाहीत.

नाव न घेताही मंत्र जीव घेतो, हेही इथंच लिहायला हवं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, पहाटे पापण्या मिटायला लागतात. तो वेळ मंत्र टाकण्यात गेला तर दवाखान्यात प्रतिविष असूनही माणूस हातातून जातो. बिनविषारी साप चावलेले वाचतात आणि श्रेय मांत्रिकाला मिळतं.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात खून झाला. काही दिवसांतच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद. अनुसूचीत साप-विंचू चावल्यावर दवाखान्यापासून अडवणं आहे, आणि एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्किल करणंही आहे. प्रदक्षिणा, वारी, भजन-कीर्तन यांना कायदा हात लावत नाही. जादू खरी की खोटी या वादात तो पडत नाही. तो कृती पाहतो. इंग्लंडनं 1735च्या कायद्यानं चेटूक हा गुन्हाच रद्द केला आणि अंगी शक्ती असल्याची बतावणी करणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1951मध्ये गेला, आणि थोड्याच वर्षांत जेराल्ड गार्डनरसारखे लोक उघडपणे स्वतःला चेटक्यांच्या पंथाचे म्हणवू लागले. आज तिकडे हजारो माणसं हौसेनं ते नाव लावतात. बारसेवाड्यात ते नाव स्वतःहून कोणी लावलं नव्हतं. दुसऱ्यांनी लावलं.

दुसऱ्यांनी लावलेलं नाव काय करतं, हे वरोऱ्याला कळायला अवघड जाऊ नये. 1949 साली बाबा आमट्यांनी इथं महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभं राहिलं. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेननं 1873मध्येच शोधला होता, तरी पाऊणशे वर्षांनंतरही गावं रोग्याला पाप्याचं नाव देऊन वेशीबाहेर काढत होती. पुढं औषधं आली, रोग बरा होऊ लागला. पण बऱ्या झालेल्या कितीतरी माणसांना घरानं परत घेतलं नाही. शरीरातला जंतू गोळीनं गेला, गावानं दिलेलं नाव गेलं नाही.

म्हणूनच मला आरोपपत्र आणि शिक्षा यांच्या पुढचं हवं आहे. करणीचा आळ आलेलं कुटुंब पोलीस बंदोबस्तात गावी परततं, तेव्हा विहिरीवर त्याच्याशी कोण बोलतं? त्याच्या शेतात मजुरीला कोण जातं? त्याच्या पोरीला सोयरीक कुठून येते? नाव चौकात घेतलं गेलं, तर ते चौकातच परत घेतलं गेलं पाहिजे: ग्रामसभा भरवून, पोलीस पाटील, पेरमा, आशाताई, शाळेचे गुरुजी समोर बसवून, ज्यांनी उच्चारलं त्यांच्याच तोंडून, आणि इतिवृत्तात सह्यांनिशी. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा परिषदांनी हे काम गावावर सोडू नये. अधिकारी पाठवून तशी सभा घडवून आणावी, आणि वर्षभरानं त्या कुटुंबाच्या दारात जाऊन विहिरीचं, मजुरीचं, सोयरिकीचं पुन्हा विचारून यावं.